छातीतलं पाणी आणि चाळीस वर्षांपूर्वीची धूळ

(दृश्य : छातीचा एक्स-रे. उजवी बाजू खालून वरपर्यंत पांढरी.)

छातीत पाणी झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, की आपल्याकडे घरच्यांच्या मनात आधी टीबी येतो. बहुतेक वेळा तो अंदाज बरोबरच ठरतो, कारण भारतात फुफ्फुसाभोवती साचणाऱ्या लिम्फोसाइटयुक्त (म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या) पाण्याचं सगळ्यांत मोठं कारण क्षयरोगच आहे. सुईनं पाणी काढतात, त्यातलं एडीए हे टीबीत वाढणारं एन्झाइम तपासतात, आकडा ४० च्या वर गेला की औषधं सुरू होतात.

पण काही जणांच्या छातीत पाणी पुन्हा भरतं. काढलं की दोन-तीन आठवड्यांत परत तेवढंच. वजन उतरत जातं. एका बाजूला बोथट दुखणं बसतं आणि ते रात्रीही सुटत नाही. टीबीची औषधं नेमानं घेऊनही फरक पडत नाही. अशा वेळी मेसोथेलिओमाचा, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाच्या कॅन्सरचा, विचार व्हायला हवा. एडीएचा आकडा त्यातही वाढलेला असू शकतो, त्यामुळे निव्वळ त्या आकड्यावर विसंबलं तर हातातले मोलाचे महिने निघून जातात.

हाच घोळ १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली शहरात झाला होता. या आजाराचं कारण सापडलं तेही त्या घोळातूनच.

(दृश्य : नकाशा. किंबर्ली आणि तिच्या पश्चिमेच्या टेकड्या.)

किंबर्लीच्या वेस्ट एंड हॉस्पिटलमध्ये क्षयरोग्यांवर उपचार होत. तिथल्या डॉ. स्लेग्ज यांना एक गोष्ट खटकली. शहराच्या पूर्वेकडून येणारे रुग्ण टीबीच्या औषधांनी सुधारत होते, पश्चिमेकडून येणाऱ्यांपैकी काही जण मात्र सुधारत नव्हते. पश्चिमेला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या, म्हणजे क्रोसिडोलाइटच्या खाणी होत्या. पॅथॉलॉजिस्ट ख्रिस वॅग्नर, स्लेग्ज आणि छातीचे सर्जन पॉल मार्चंड यांनी मिळून १९६० मध्ये ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या सगळ्यांना फुफ्फुसाच्या आवरणाचा, एरवी अगदी दुर्मिळ असलेला कॅन्सर झाला होता. त्यांतले बरेच जण खाणीत कधी उतरलेलेच नव्हते. लहानपण खाणींच्या परिसरात गेलं होतं, एवढाच त्यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध.

पाच वर्षांनी लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या संशोधिकांनी ७६ रुग्णांची मागची आयुष्यं तपासली. कारखान्यात काम केलेले त्यांत होतेच. पण नवऱ्याचे धुळीनं माखलेले कामाचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकाही होत्या, आणि कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारी माणसंही होती. कामाची धूळ घरापर्यंत येते, हे १९६५ पासून छापील पुराव्यानिशी ठाऊक आहे.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून दिसणारे तंतू.)

ॲस्बेस्टॉस हे तंतूंच्या रूपात आढळणारं खनिज आहे. पांढरा क्रायसोटाइल, निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट हे व्यापारात आलेले त्याचे तीन मुख्य प्रकार. तंतू उभा चिरत जातो, त्यामुळे तो जितका हाताळावा तितका बारीक होतो. पाच मायक्रॉनहून लांब आणि अगदी बारीक तंतू नाकातल्या गाळणीला चकवून फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळायला जातात, पण तंतू पेशीपेक्षा लांब असतो. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती पेशी दाहक रसायनं सोडत राहते. फुफ्फुसाभोवती दोन पडदे असतात. काही तंतू पुढे सरकून त्यांतल्या बाहेरच्या, छातीच्या भिंतीला लागून असलेल्या पडद्याशी येतात. त्या पडद्यावर पाणी शोषून घेणारी सूक्ष्म छिद्रं असतात. लांब तंतू तिथेच अडकतात. मेसोथेलिओमाची सुरुवात बहुधा याच बाहेरच्या पडद्यावर होते, फुफ्फुसाला चिकटलेल्या आतल्या पडद्यावर नाही.

दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. पेशींची वाढ आवरणारी जनुकं एकेक करून निकामी होतात. बॅप-१, सीडीकेएन-२ए आणि एनएफ-२ ही त्यांतली ठळक नावं. याला वेळ लागतो म्हणूनच पहिल्या संपर्कापासून आजार दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात. पंचविशीत पत्रे कापणारा माणूस साठी ओलांडल्यावर धापा टाकत दवाखान्यात येतो, आणि त्या कामाचा उल्लेख करणं त्याच्या मनातही येत नाही.

पांढरा ॲस्बेस्टॉस सुरक्षित असतो, हा दावा आजही केला जातो. क्रायसोटाइलचे तंतू शरीरात निळ्याइतके टिकत नाहीत आणि मेसोथेलिओमाचा धोका निळ्या-तपकिरी प्रकारांत जास्त आहे, इथपर्यंत ते खरं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार माणसात कॅन्सर घडवणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत. कमी धोकादायक आणि सुरक्षित यांत फरक आहे, आणि तो पुसून टाकणं हा कामगारांवर अन्याय आहे.

सिगारेट-बिडीमुळे मेसोथेलिओमा वाढत नाही. मात्र धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ॲस्बेस्टॉसखेरीजही कारणं आहेत. तुर्कस्तानात कॅपाडोशियामधल्या कराइन आणि तुझकॉय या गावांत एरिओनाइट नावाच्या तंतुमय खनिजानं घरंच्या घरं या आजारात गेली. छातीला पूर्वी दिलेलं रेडिएशनही क्वचित कारण ठरतं. आणि २०११ मध्ये हेही सिद्ध झालं, की काही कुटुंबांत बॅप-१ जनुकातला दोष जन्मतःच असतो. घरात मेसोथेलिओमाच्या जोडीला डोळ्यातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) किंवा किडनीचा कॅन्सर असेल, तर जनुकीय तपासणीचा विचार व्हायलाच हवा.

(दृश्य : मुंबईचा पूर्व किनारा, दारूखाना. मग चाळींवरचे करडे पन्हळी पत्रे.)

आपल्याकडे ही धूळ कुठे होती आणि आहे? घाटकोपर, मुलुंड भागांत ॲस्बेस्टॉसची उत्पादनं करणारे कारखाने होते. दारूखान्यात जुनी जहाजं तोडताना बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांभोवतीचं आवरण फोडलं जाई. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी २२ टक्के जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे त्याच धुळीनं फुफ्फुसं घट्ट होण्याचा आजार होता. कॅन्सरच्या नोंदणीत मेसोथेलिओमाचे रुग्ण थोडे दिसतात म्हणून आजारच थोडा, असं समजणं धाडसाचं आहे. ज्याची बायोप्सीच झाली नाही, तो नोंदणीत येणार कसा?

देशातल्या ॲस्बेस्टॉस खाणींना १९८६ पासून नवे परवाने नाहीत. वापर मात्र थांबला नाही. युरोपीय संघानं २००५ पर्यंत सगळ्या प्रकारांवर बंदी घातली, अमेरिकेनं २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर. भारत अजूनही क्रायसोटाइल मोठ्या प्रमाणावर आयात करतो आणि त्याचा मोठा वाटा सिमेंटच्या पत्र्यांत जातो. पत्र्याच्या वजनात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट वगैरे.

छपरावर शाबूत असलेला पत्रा सिमेंटमध्ये तंतू धरून ठेवतो. घाबरून तो उद्याच उतरवायला घेऊ नका. खरी धूळ उडते ती ग्राइंडरनं कापताना, भोक पाडताना, फोडताना. कोकणात पावसाळ्याआधी शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा पाइप वापरतात, तेव्हाही वरचा थर सुटून तंतू मोकळे होतात. हे टाळाच.

पत्रा उतरवणं भागच असेल, तर आधी तो साबणाचे थेंब घातलेल्या पाण्यानं हलक्या फवाऱ्यानं भिजवा आणि काम संपेपर्यंत ओला ठेवा. जे-बोल्टचे नट सोडवा. गंजून बसले असतील तर बोल्ट कापा, पत्रा नाही. थेट पत्र्यावर पाय देऊ नका. जुना पत्रा अचानक तुटतो आणि माणूस वरून थेट खाली येतो. तंतूंच्या कितीतरी आधी हा धोका जीव घेतो, म्हणून फळ्या टाकून वजन वाशांवर घ्या. पत्रा अख्खा, दोघांनी धरून उतरवा, वरून टाकू नका. खाली जाड पॉलिथिनमध्ये दुहेरी गुंडाळून टेपनं बंद करा. पडलेला चुरा ओल्या फडक्यानं पुसून घ्या. झाडू आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही तंतू पुन्हा हवेत सोडतात. रुमाल किंवा सर्जिकल मास्क निरुपयोगी आहे. एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि दाढीच्या खुंटांवर तोही बसत नाही. कपडे घरी नेऊन झटकायचे नाहीत. तुटके तुकडे खड्डे भरायला किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला वापरले, तर तीच धूळ पुढची कित्येक वर्षं उडत राहते.

(दृश्य : सीटी स्कॅन. पडद्याची गाठाळ जाडी.)

आता निदानाकडे. पाण्यातल्या पेशी पाहून मेसोथेलिओमा ओळखता येतोच असं नाही, निम्म्याहून अधिक वेळा ती तपासणी हुकते. मेसोथेलिओमाच्या सार्कोमॅटॉइड या प्रकारात तर पेशी पाण्यात फारशा सुटतच नाहीत. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या सीटीवर पडदा सगळीकडून, गाठाळ, एक सेंटिमीटरहून जाड दिसला आणि हृदयाच्या बाजूचा पडदाही जाड असला, तर संशय बळावतो. खात्री होते ती थोरॅकोस्कोपीनं. छातीत दुर्बीण घालून, डोळ्यांनी पाहून घेतलेल्या तुकड्यांतून ९० टक्क्यांहून अधिक वेळा निदान होतं. तुकडा खोल हवा, पडद्याखालची चरबी त्यात आलेली हवी. नुसता वरचा पापुद्रा आला, तर साध्या सुजेतल्या पेशी आणि कॅन्सर यांत फरक करणं पॅथॉलॉजिस्टला अवघड जातं. मग रंगद्रव्याच्या चाचण्या होतात. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारखे मार्कर मेसोथेलिओमाच्या बाजूनं बोलतात, टीटीएफ-१ आणि क्लॉडिन-४ फुफ्फुसाच्या किंवा दुसऱ्या कॅन्सरच्या बाजूनं. बॅप-१ नाहीसं झालेलं दिसलं, तर साधी सूज नाही, एवढं पक्कं.

प्रकार कोणता, हे अहवालात असलंच पाहिजे. एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की मिश्र, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो.

२००३ मध्ये पेमेट्रेक्सेड आणि सिसप्लॅटिन या केमोच्या औषधांच्या जोडीनं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ, ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर नेलं. बरीच वर्षं हाच मुख्य उपचार होता आणि परवडण्याच्या दृष्टीनं आपल्याकडे तो आजही महत्त्वाचा आहे. दर २१ दिवसांनी सलाइनमधून देतात. यात एक गोष्ट चुकता कामा नये. पहिल्या डोसच्या किमान आठवडाभर आधी फॉलिक ॲसिड रोज सुरू करून बी-१२ चं १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि ते दर नऊ आठवड्यांनी पुन्हा. त्या अभ्यासातच दिसलं होतं, की या जीवनसत्त्वांविना पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरतात आणि तोंड सोलून निघतं. किडनी कमजोर असेल, तर डोसच्या दोन दिवस आधीपासून आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद ठेवायच्या, कारण पेमेट्रेक्सेड किडनीतूनच बाहेर जातं.

इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचा, मोठा निकाल २०२१ मध्ये आला. ६०५ रुग्णांत निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब यांनी केमोच्या १४.१ महिन्यांऐवजी १८.१ महिने मिळवून दिले. सार्कोमॅटॉइड आणि मिश्र प्रकारांत हे अंतर १८.१ विरुद्ध ८.८ महिने, म्हणजे दुपटीहून जास्त होतं. म्हणूनच अहवालात प्रकार लिहून यायला हवा. औषधं अतिशय महाग आहेत. खर्चाची ओढाताण असेल, तर ती या दोन प्रकारांसाठी करण्यात अर्थ सर्वांत जास्त.

ऑपरेशनबद्दल घरच्यांना मोठी आशा असते. ब्रिटनमधल्या मार्स-२ अभ्यासानं २०२४ मध्ये त्यावर कठोर उत्तर दिलं. ३३५ रुग्णांपैकी फक्त केमो घेतलेल्यांना २४.८ महिने मिळाले, केमोसोबत पडदा काढून टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना १९.३. पोटातल्या पडद्याच्या मेसोथेलिओमाची गोष्ट वेगळी. तिथे निवडक रुग्णांत गाठी काढून पोटात गरम केमो फिरवण्याचा खरा उपयोग होतो.

दम कमी करणं हाही उपचारच आहे. फुफ्फुस पुरतं फुलत असेल, तर चार ग्रॅम निर्जंतुक टाल्क घालून दोन्ही पडदे चिकटवतात. फुलत नसेल तर टाल्क धरत नाही. अशा वेळी छातीत कायमची बारीक नळी बसवतात, आणि घरचं माणूस शिकून घरीच पाणी काढू शकतं.

(दृश्य : जुनं ईएसआय कार्ड, पगाराची पावती.)

२७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा असेल तोवर जपायला सांगितलं. भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीतही ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा आहे. पण कारखाने बंद पडतात, कागद हरवतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आयुष्यभराच्या कामांची वर्षवार यादी न्या: कुठे, काय काम, किती वर्षं, घरात आणखी कोण त्या कामावर होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपण होऊन पुढे ठेवा आणि केसपेपरवर लिहून घ्या. भरपाईचा दावा पुढे याच ओळीवर उभा राहतो. नेमणूकपत्र, पगाराची पावती, ईएसआयचा नंबर, सोबत काम केलेल्यांची लेखी साक्ष, जे मिळेल ते एका फाइलमध्ये ठेवा. बायोप्सीचा अहवाल पुरत नाही. प्रयोगशाळेकडून बायोप्सीचा तुकडा जपलेले मेणातले ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, कारण दुसरं मत घ्यायचं झालं किंवा दाव्यात निदानावर वाद निघाला, तर पुन्हा तपासता येतात ते हे ब्लॉकच.