निळ्या कोळ्याचा पत्ता

पडद्यावर दिसतोय तो कोळी थायलंडचा. पायांवरचा हा निळा रंग आम्ही फिल्टर लावून आणलेला नाही. तो असाच आहे. २०२३ च्या सप्टेंबरात 'झूकीज' या शास्त्रीय नियतकालिकात त्याचं वर्णन छापून आलं आणि त्याला नाव मिळालं: कायलोब्रॅकिस नटानीकॅरम.

गंमत अशी, की टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्या हौशी मंडळींना तो आधीच माहीत होता. ऑनलाइन विकलाही जात होता. डबीवर चिठ्ठी असायची, 'कायलोब्रॅकिस एसपी. इलेक्ट्रिक ब्लू'. एसपी. म्हणजे वंश कळलाय, जात कळलेली नाही. आणि इलेक्ट्रिक ब्लू हे विकणाऱ्यांच्या तोंडचं नाव.

कोळी समोर आहे, ढीगभर फोटो आहेत. मग जात ठरवताना अडतं कुठे?

रंगावर तर अजिबात विसंबून चालत नाही. हा निळा रंगद्रव्याचा नाहीच. केसांच्या आत अतिसूक्ष्म रचना असते, तिच्यावर प्रकाश पडला की निळा तेवढा परत फिरतो. २०१५ सालच्या एका अभ्यासाप्रमाणे टॅरंटुलांमध्ये निळा रंग किमान ८ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला. म्हणजे दोन निळे कोळी एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतीलच असं नाही. शिवाय पिल्लाचा रंग वेगळा, मोठ्याचा वेगळा, आणि कात टाकायची वेळ आली की तोच कोळी मळकट दिसायला लागतो.

मग बघायचं काय? कात बघायची.

टॅरंटुलाची मादी वयात आल्यावरही कात टाकत राहते, आणि ओळख पटवायला ही कात फार कामाची. पोटाकडचा भाग वाळून चुरगळलेला असतो. तो कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, भिजत ठेवायचा. ओल्या टिश्यूपेपरसारखा मऊ झाला की बारीक ब्रशने उलगडायचा. घाई केली की फाटतो. आतल्या बाजूला चार फिकट ठसे दिसतात, ती श्वसनेंद्रियांची अस्तरं. वरच्या दोन ठशांच्या मधोमध एक आडवी घडी असते, आणि त्या घडीपाशी, भिंगाखाली, नराचे शुक्राणू साठवायच्या इवल्याशा पिशव्या. त्यांची ठेवण जातीजातीत बदलते. नराच्या बाबतीत तोंडाजवळच्या दोन आखूड, पायांसारख्या अवयवांची टोकं तपासतात. तिथे एक फुगीर गड्डा आणि त्यातून निघालेलं बारीक, वळलेलं टोक असतं.

एवढं सगळं टेबलावर बसून जमतं. जमत नाही ते एकच: हा आला कुठून? विकणाऱ्याला विचारलं तर फार तर देशाचं नाव मिळतं. त्यात पेटीतल्या कोळ्यांचा संकर झाला असेल, तर सगळाच घोळ.

हा पत्ता मिळाला फांग-न्गा प्रांतात, दक्षिण थायलंडच्या किनाऱ्यावर. खोन केन विद्यापीठाचे नरिन चोम्फूफुआंग आणि त्यांचे सहकारी तिथे टॅरंटुलांची पाहणी करत होते. खारफुटीचं जंगल. ओहोटी लागली की संध्याकाळी आणि रात्री चिखल तुडवत फिरायचं. सदाहरित जंगलात हाच कोळी जमिनीतल्या बिळातही राहतो, पण इथे भरतीचं पाणी आत शिरतं, म्हणून त्याने झाडाच्या ढोल्या धरल्या होत्या. तिथे हाती लागले दोन. दोनच. थायलंडच्या खारफुटीत टॅरंटुला सापडल्याची ही पहिलीच नोंद.

नाव ठेवायचा मान लिलावात गेला. त्यातून आलेला पैसा लाहू आदिवासी मुलांच्या शिक्षणाला आणि गरीब कॅन्सर रुग्णांना दिला गेला. नावाचा लिलाव काहींना खटकेल. मला नाही खटकत. 'इलेक्ट्रिक ब्लू' तरी कशासाठी होतं? विक्रीसाठीच.

आता पत्त्याचं महत्त्व सांगणारी आपल्याकडची गोष्ट. १८९९ साली रेजिनाल्ड पोकॉक यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये एका निळ्याशार कोळ्याचं वर्णन केलं: पोइसिलोथेरिया मेटॅलिका. नमुना एकच, तोही मादी. मिळाला होता आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत. गुत्ती म्हणजे तीच, मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची. त्यानंतर शंभर वर्षं या कोळ्याचा मागमूस नाही. २००१ साली तो पुन्हा सापडला, पण गुत्तीला नव्हे. पार नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात, जुन्या झाडांच्या ढोल्यांत. १८९९ ची ती मादी बहुधा ओंडक्यांबरोबर रेल्वेने गुत्तीला उतरली होती. शास्त्राच्या कागदावर मात्र शंभर वर्षं वखारीचाच पत्ता.

आणि खरा पत्ता कळल्यावर काय झालं? काही वर्षांतच हा कोळी युरोप-अमेरिकेतल्या काचपेट्यांत दिसायला लागला. २००८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. २०१९ मध्ये त्याचा सगळा वंशच साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आला, म्हणजे परवान्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. त्यामुळे हल्ली काही अभ्यासक नव्या जातीचं वर्णन छापताना जिल्हा लिहितात, नेमकी जागा लिहीत नाहीत. ती संग्रहालयाच्या नोंदवहीत राहते. मला हे पटतं, जरी त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला दोन पत्रं जास्त लिहावी लागली तरी.

सह्याद्रीतही कायलोब्रॅकिस वंशाचे कोळी आहेत. आणि मुंबईच्या आरे कॉलनीतून २०१४ साली टॅरंटुलाची एक नवी जात नोंदली गेली, हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस. दुधाच्या तबेल्यांशेजारी.

परदेशात ज्यांच्या घरी कायदेशीर मार्गाने आलेले, एसपी. चिठ्ठीचे कोळी आहेत, त्यांच्या हातात एवढं नक्की आहे: प्रत्येक कात तारखेसकट जपून ठेवायची, नर मेला की तो अल्कोहोलमध्ये ठेवायचा, कुणाकडून कधी घेतला याची पावती सांभाळायची, आणि दिसायला सारखा आहे म्हणून दुसऱ्याच चिठ्ठीच्या कोळ्याशी त्याची जोडी लावायची नाही.