डुगडुगणारा बूट आणि आतला पाय

मंडळी, आधी बूट-चपला काढा आणि एका पायावर उभे राहा. खुर्ची धरायची नाही, मागच्या रांगेवरही माझं लक्ष आहे! आता घोट्याच्या पुढच्या बाजूला बघा. नडगीवरून पावलावर उतरणारी ती दोरी क्षणात ताठ होते, क्षणात सैल पडते. घोटा अखंड काम करतोय. बसा आता.

या कामात भर घालण्यासाठीच डुगडुगणारे बूट निघाले. 1996 च्या सुमारास कार्ल म्युलर या स्विस अभियंत्याने पुढून-मागून गोलाकार तळाचा बूट आणला. टाचेखाली मऊ गादी, त्यात टाच रुतते. यात पाय नेमका कसा हलतो, हे आज सांगायचंय. पण त्याआधी माझी जुनी तक्रार ऐका, कारण ती सोडून पुढे गेलो तर बाकीचं सगळं पोकळ ठरेल.

चाल मोजताना अंगावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात आणि कॅमेरे त्यांचा माग काढतात. पायात बूट असला की गोळे बुटावर चिकटवतात. आम्हीही तेच करायचो. आलेख इतके सुबक यायचे की शंकाच येऊ नये. एकदा मात्र बुटाच्या टाचेला अंगठा जाईल एवढं भोक पाडलं आणि गोळा थेट कातडीवर लावला. माणूस चालू लागला, मी जमिनीवर आडवा होऊन बघत होतो. बूट जमिनीवर टेकून स्थिर झाला होता, पण भोकातून दिसणारी टाच आत अजून सरकत होती, किंचित कलत होती. मग इतके दिवस आम्ही मोजलं ते काय? बूट! भोकाचीही पंचाईत असते: मोठं पाडलं तर बुटाची पकड जाते, लहान पाडलं तर गोळा कडेला आपटतो. तरीही माझा आग्रह कायम आहे. पावलात 26 हाडं आहेत, त्यांना एकच ठोकळा समजून कसं चालेल?

पाच मिनिटं उरली म्हणताहेत, तेव्हा भराभर सांगतो. पाऊल जमिनीवर असण्याचा काळ चालीच्या एका आवर्तनात साधारण 60 टक्के. एरवी टाच टेकली की चवडा खाली येतो, मग नडगी पुढे झुकते, शेवटी पोटरी ढकलते. गोल तळात पहिल्या टप्प्यात चवडा जास्त वर राहतो. कॅनडातल्या कॅलगरीचे चालीचे अभ्यासक बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हेच नोंदवलं. पुढे घरंगळण्याचं थोडं काम बूटच करतो. डुगडुग खरी जाणवते ती उभं राहिल्यावर. चालताना पाऊल क्षणभरच टेकतं. सवयीने तीही कमी होते.

वजन उतरतं, स्नायू घडतात, हे दावे वेगळे. अशाच जाहिरातींवरून स्केचर्स या बूट कंपनीने 2012 मध्ये अमेरिकेत 4 कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

आणि ज्यांचे तळपाय मधुमेहाने बधिर झालेत, त्यांनी हे बूट परस्पर घालू नयेत. तोल जातोय ही खबर मोठ्या प्रमाणात तळपायातूनच वर जाते. ती पोचलीच नाही, तर घोटा सावरणार कशाच्या भरवशावर?