औक्षणाचं ताट कोणाच्या हातात?

नमस्कार मंडळी. मी दादरच्या एका शाळेत बरीच वर्षं शिकवतेय, सध्या लेकीकडे आलेय, मंडळाने दोन शब्द बोला म्हटलं म्हणून मनात आहे तेच बोलते.

आमच्याकडे गॅदरिंग आलं की कामांची वाटणी कोणी बसून करत नाही, ती आपोआप होते. मुली औक्षण, रांगोळी, स्वागतगीत. मुलगे माईक, लाईट, स्टेज. एका वर्षी नववीतली एक मुलगी साउंडवाल्या दादाच्या शेजारी उभी राहून मिक्सर बघत होती, कुठली वायर कुठे जाते ते तिने वहीत काढूनसुद्धा घेतलं होतं, तेवढ्यात एक सर आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, बाळा, पाहुणे आलेत, तू साडी नेसलीयेस ना, ताट घेऊन पुढे हो. ती गेली. कोणी ओरडलं नाही की काही वाईट बोललं नाही, मग पोरीने तक्रार तरी काय करायची?

सायन्स एक्झिबिशनला पण तेच, सोल्डरिंग मुलगा करणार आणि तक्ता मुलगी लिहिणार कारण तिचं अक्षर चांगलं.

आणि मैदान! मुंबईत मुळात जागा कमी, त्यात मधोमध मुलांचं क्रिकेटचं नेट लागतं, मुलींचा खो-खो कोपऱ्यात आणि तोही अंधाराच्या आत आटपायचा. १९८८ ला आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर-विनोद कांबळीने हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ६६४ ची पार्टनरशिप केली हे आमच्या पोरांना तोंडपाठ आहे, असायलाच हवं. पण क्रिकेटचा पहिला वर्ल्डकप बायकांचा झाला, १९७३ ला, पुरुषांचा १९७५ ला, हे सांगितलं की मुलीच विचारतात, बाई, उलटं ना? २०२५ च्या बायकांच्या वर्ल्डकपच्या सेमीफायनलला आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केले, तेव्हापासून मुली नेट मागायला लागल्यात. उत्तर मिळतं, बघू.

इथल्या मुलींशी बोलले तर त्याही सांगतात, रोबोटिक्स क्लबमध्ये प्रेझेंटेशन आमच्याकडे आणि रोबोट मुलांकडे.

म्हणून कमिटीला माझी मनापासून विनंती आहे, यंदा गणपतीत साउंडच्या टेबलावर मुलींना बसवा, आरतीची ताटं आणि पाणी वाढायचं काम मुलांकडे द्या, आणि मुलींना आधीच्या शनिवारी बोलावून सगळं नीट शिकवा, म्हणजे ऐन कार्यक्रमात हिला जमत नाहीये म्हणून कोणी त्यांना उठवणार नाही.