ओरिओल्सनी तिजोरी उघडायला हवी होती का?

[पडद्यावर: कॅम्डन यार्ड्स, राइट फिल्डच्या मागे विटांचं लांबलचक जुनं वेअरहाऊस]

१ ऑगस्ट २०२३, बाल्टिमोर, संध्याकाळचे सहा वाजतायत. मेजर लीग बेसबॉलची ट्रेड डेडलाइन. म्हणजे या वेळेनंतर दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल बंद, जे काय हातात आहे ते घेऊनच ऑक्टोबरच्या प्लेऑफला जायचं. आणि बाल्टिमोरची टीम ओरिओल्स त्या दिवशी कुठे होती? यांकीज, रेड सॉक्स, ब्लू जेज, रेज, सगळ्यांच्या वर. अमेरिकन लीग ईस्ट या त्यांच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, पहिला नंबर! दोन वर्षांपूर्वी हीच टीम एका सीझनला ११० मॅच हरली होती, त्यामुळे शहराला अजून खरंच वाटत नव्हतं.

सहा वाजले. हातात काय आलं, तर सेंट लुईसचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जॅक फ्लॅहर्टी. त्याआधी जुलैमध्ये ओकलंडकडून फुजिनामी आला होता, जाम फास्ट टाकतो, पण कुठे टाकेल ते त्याचं त्यालाही माहीत नसायचं. बस, इतकंच.

आणि तिकडे टेक्सास रेंजर्सनी काय केलं? मॅक्स शर्झर घेतला, जॉर्डन मॉन्टगोमेरी घेतला, ॲरोल्डिस चॅपमनला तर जून संपतानाच उचललेलं. मॉन्टगोमेरी आला तोही सेंट लुईसहूनच, म्हणजे ज्या दुकानात ओरिओल्स गेले त्याच दुकानात रेंजर्सही गेले, यांनी कोपऱ्यातलं सेलचं घेतलं आणि त्यांनी शोकेसमधलं.

बाल्टिमोरचा वाद इथून पेटला. आजही विझलेला नाही.

आपल्याकडे आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईत आला तेव्हा किती राडा झाला आठवा, आणि तो तर सीझन सुरू व्हायच्या आधी आला होता. इथे भर सीझनमध्ये खेळाडू जातात, आणि बदल्यात जनरली पैसे नाहीत, पोरं द्यायची असतात. अठरा-वीस-बावीस वर्षांची, मायनर लीगमध्ये घडत असलेली पोरं, म्हणजे प्रॉस्पेक्ट्स. असं पोरगं मेजर लीगला आलं की साधारण सहा वर्षं टीमच्या ताब्यात, तेही बाजारभावापेक्षा खूप स्वस्तात. मॉन्टगोमेरीसारखा पिचर मात्र सीझन संपला की फ्री एजंट, उठून कुठेही जाणार. तीन महिन्यांच्या पाहुण्यासाठी सहा वर्षांचं पोरगं द्यायचं का, सगळं भांडण यावरच.

आणि ओरिओल्सकडे पोरं होती हो, ढिगाने. हीच त्यांची तिजोरी. कारण ती मिळवायला टीम मुद्दाम सडवली होती. शब्द कडक वाटेल, पण बाल्टिमोरला कुणालाही विचारा. २०१८ मध्ये टीमचा स्टार मॅनी मचाडो डॉजर्सला देऊन टाकला, त्या वर्षी ११५ पराभव, पुढच्या वर्षी १०८, २०२१ मध्ये ११०. शेवटी राहिलं की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडायच्या रांगेत, वरचा नंबर मिळतो, तसे आले ॲडली रचमन आणि गनर हेंडरसन. जॅक्सन हॉलिडे तर २०२२ च्या ड्राफ्टमधला पहिलाच. हे सगळं जमवणारा माणूस म्हणजे माइक एलायस, ह्यूस्टनहून आलेला, तिथेही असंच घडताना पाहिलेला. आकडे बघून चालणारा, घाई न करणारा.

[पडद्यावर: २८ जुलै २०२२, रेजविरुद्धची मॅच, भर उन्हातली]

आता एक वर्ष मागे जाऊ, कारण चिडीचं मूळ तिथे आहे. ट्रे मॅन्सिनी. सगळ्या पडत्या काळात टीमसोबत राहिलेला खेळाडू, २०२० मध्ये कोलन कॅन्सर झाला, अख्खा सीझन केमोत गेला, पुढच्या वर्षी परत उभा राहिला. डेडलाइन जवळ आलेली, हा जाणार हे स्टेडियममध्ये सगळ्यांना कळून चुकलेलं. त्याने राइट फिल्डला बॉल उंच मारला, साधा कॅच होता, पण फिल्डरला उन्हात बॉल दिसेनासा झाला आणि थेट त्याच्या तोंडावर आदळून बाजूला गेला, आणि मॅन्सिनी पळतोय, पळतोय, तिसरा बेस ओलांडून थेट होम! इनसाइड द पार्क होमरन. लोक उभे राहून ओरडतायत, काही रडतायत.

चार दिवसांनी तो ह्यूस्टनला ट्रेड. दुसऱ्या दिवशी होर्हे लोपेझ, त्याच वर्षीचा ऑल-स्टार क्लोजर, म्हणजे मॅचच्या शेवटी येऊन जिंकत आलेली मॅच राखणारा पिचर, मिनेसोटाला. आणि टीम तेव्हा वाइल्ड कार्डच्या, म्हणजे डिव्हिजन न जिंकताही प्लेऑफला जायच्या जागेच्या, अगदी जवळ होती! एलायसचं म्हणणं काय, तर इथून पुढे टीम उड्डाण करणार, पण या वर्षी चान्स इतके नाहीत की भविष्य पणाला लावावं. शेवटी ८३ मॅच जिंकले, टॅम्पाचे रेज ८६ जिंकून आत गेले. तीन मॅचनी हुकलं.

पण थांबा, आता सावधगिरीवाल्यांचं ऐका, कारण त्यांची बाजू लंगडी अजिबात नाही. लोपेझच्या बदल्यात जी पोरं आली त्यात येनिअर कानो होता, नाव कुणी ऐकलं नव्हतं, तो २०२३ मध्ये स्वतः ऑल-स्टार झाला. लोपेझ मिनेसोटात साफ बिघडला, आणि गंमत म्हणजे वर्षभराने ओरिओल्सनी त्यालाच वेव्हरवरून, म्हणजे दुसऱ्या टीमने सोडलेल्यांच्या यादीतून, बदल्यात कुणालाही न देता परत उचलला. लोपेझ गेला तेव्हा त्याच्या जागी क्लोजर झाला फेलिक्स बाउटिस्टा, डोंगराएवढा माणूस, त्याचा स्प्लिटर, म्हणजे शेवटी अचानक खाली पडणारा बॉल, बघून बॅटर हसायचेच बाकी राहायचे. मॅन्सिनीलाही त्या वर्षी ह्यूस्टनकडून वर्ल्ड सिरीजची अंगठी मिळाली. तर २०२२ चा हिशोब एलायसच्या बाजूने, मला तरी यात शंका वाटत नाही.

२०२३ ची गोष्ट वेगळी. तेव्हा पहिल्या नंबरावर होतात ना बाबा! फ्लॅहर्टीने ओरिओल्सकडून ६.७५ च्या सरासरीने रन दिले, म्हणजे नऊ इनिंगला जवळजवळ सात. ऑगस्टच्या शेवटी बाउटिस्टाचं कोपर गेलं, बुलपेनचा, म्हणजे मधून येणाऱ्या राखीव पिचरांचा, कणाच गेला. तरी १०१ मॅच जिंकले, २०१४ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन जिंकलं. आणि प्लेऑफमध्ये समोर कोण? टेक्सास.

पहिली मॅच ३-२ ने गेली. दुसरीत नवखा पिचर ग्रेसन रॉड्रिगेझ, दोन इनिंगही पूर्ण झाल्या नाहीत, पाच रन. त्या मॅचमध्ये टेक्सासच्या कोरी सीगरला पाच वेळा वॉक, म्हणजे चार बाहेरचे बॉल टाकून फुकट पहिला बेस, दिला, एका माणसाला पाच वेळा! त्यांच्याच मिच गार्व्हरने ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, मारला, स्कोअर ११-८. तिसरी ७-१. खेळ खलास. रेग्युलर सीझनला मे २०२२ पासून एकाही सिरीजमध्ये स्वीप न झालेली, म्हणजे सगळ्या मॅच न हरलेली, टीम तीन सरळ मॅचमध्ये घरी, आणि रेंजर्स पुढे जाऊन त्यांच्या इतिहासातली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकले.

एक गट म्हणतो बघा, आम्ही सांगत होतो, मॉन्टगोमेरी आपल्याकडे असता तर. दुसरा गट लगेच म्हणतो की ती दुसरी मॅच टाकली कोणी, मॉन्टगोमेरीनेच ना? चार इनिंगमध्ये पाच रन खाल्ले त्याने, आपणच त्याला धुतला! बरोबर आहे. पण त्याच मॉन्टगोमेरीने पुढच्या राउंडला ह्यूस्टनला पहिल्या मॅचमध्ये सहा इनिंगपेक्षा जास्त शून्यावर ठेवलं आणि सातव्या मॅचमध्ये रिलीफला, म्हणजे मधूनच, येऊन परत शून्य दिलं. दोन्ही गटांकडे आपापला मॉन्टगोमेरी आहे, म्हणून हे भांडण बारमध्ये सुरू झालं की बार बंद होईपर्यंत चालतं.

माझं मत विचाराल तर मॉन्टगोमेरी आला असता आणि तरीही हरले असते, हे अगदी शक्य आहे. पण शहराने ११५, १०८ आणि ११० पराभव कशासाठी गिळले? अशा एका ऑगस्टसाठीच ना. तो ऑगस्ट आला तेव्हा तिजोरीला कुलूप.

[पडद्यावर: २०२४, नवे मालक डेव्हिड रुबेनस्टाइन प्रेक्षकांत टोप्या वाटताना]

मग २०२४ मध्ये उघडली थोडी. फेब्रुवारीत दोन तरुण खेळाडू देऊन पिचर कॉर्बिन बर्न्स आणला, डेडलाइनला झॅक एफलिन, शिवाय मायामीचा ट्रेव्हर रॉजर्स, हे दोघंही पिचरच, त्याच्यासाठी काईल स्टॉवर्स आणि कॉनर नॉर्बी दिले. रॉजर्स चार मॅच खेळून मायनरला रवाना, लोकांनी एलायसला शिव्यांची लाखोली वाहिली. प्लेऑफला कॅन्सस सिटीसमोर बर्न्सने आठ इनिंगमध्ये एकच रन दिला, आणि हरले १-० ने! दुसरी मॅचही गेली २-१ ने. दोन मॅच मिळून एक रन, पिचर आणून काय उपयोग?

२०२५ मध्ये स्टॉवर्स मायामीकडून ऑल-स्टार, पुन्हा शिव्या. आणि त्याच वर्षी रॉजर्सने ओरिओल्सकडून १८ मॅचमध्ये १.८१ ची सरासरी ठेवली, मग शिव्या गुपचूप मागे. एकच ट्रेड, निकाल तीनदा बदलला. टीम मात्र त्या वर्षी बुडाली, मेमध्ये मॅनेजर ब्रँडन हाइडला काढलं, जुलैत परत विक्री. पिचर सेरँथनी डोमिंगेझला तर डबलहेडरच्या, म्हणजे एकाच दिवशीच्या, दोन मॅचच्या मध्येच टोरंटोला दिला, समोर टोरंटोच होती, सामान उचलून समोरच्या डगआउटला गेला आणि दुसऱ्या मॅचमध्ये यांच्याच विरुद्ध पिचिंग केलं.

आणि जो द्यायचाच नाही म्हणून २०२३ मध्ये जपलेला, तो ग्रेसन रॉड्रिगेझ? २०२५ अख्खं दुखापतीत गेलं. नोव्हेंबरमध्ये त्याला एंजल्सकडे धाडला, बदल्यात टेलर वॉर्ड, त्या सीझनला ३६ होमरन मारलेला आउटफिल्डर, आणि करार फक्त एक वर्षाचा उरलेला. आता बाल्टिमोरमध्ये निम्मे लोक म्हणतात शेवटी एकदाचा हात सैल सोडला, आणि निम्मे विचारतात की एका वर्षाच्या माणसासाठीच द्यायचा होता तर तेव्हा का नाही दिला.