दिवाणखान्यातलं दगडी लाकूड

श्रोतेहो, नमस्कार.

खाणीत सुरुंग लावला की काळ्या पाषाणाच्या पोकळीतून पांढरे-हिरवट स्फटिक निघतात, हे खानदेशात कुणाला नवीन नाही. जळगाव परिसरातल्या स्टिलबाइट आणि ॲपोफिलाइट या स्फटिकांना जगभरचे संग्राहक मागणी करतात. फर्दापूरच्या बाजूनं अजिंठ्याला गेलात, तर विक्रेते तुमच्या हातात दगड ठेवतातच. थोडक्यात, शोकेसमध्ये दगड मांडायची हौस आपल्याला जुनी आहे.

आता त्यात दगड झालेलं लाकूड येऊ लागलंय. ट्रे, घड्याळाची चकती, पुस्तकं टेकवायचे ठोकळे, बैठकीतलं स्टूल. घरी आलेला पाहुणा बोट लावून विचारतो, ‘हाई लाकूड शे का दगड?’

दगडच, पण झाडाच्या साच्यातला. बांधावर पडलेल्या झाडाला वाळवी आणि बुरशी काही वर्षांत संपवतात. तेच झाड गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेत चटकन गाडलं गेलं, तर हवेअभावी कुजणं मंदावतं. जमिनीतलं सिलिका विरघळलेलं पाणी पेशींमध्ये झिरपतं, तिथं गारगोटीचाच पदार्थ साठत जातो आणि झाडाची ठेवण तशीच राहते. लोह असलं की लाल, पिवळा, तपकिरी रंग येतो, मँगनीजमुळे काळपट-जांभळट. केळीच्या खोडाला हे भाग्य सहसा नाही हो, ते आधीच सडून मोकळं होतं!

आडवी कापलेली चकती उजेडात धरून बघा. वर्षवलयं दिसली तर सूचिपर्णी झाड किंवा आपल्या सागासारखं एखादं. ठिपकेच ठिपके दिसले तर ते ताडाच्या कुळातलं, कारण त्यांना वलयं नसतात. असे ताड मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या घुघुआ इथं पाहायला मिळतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या काळात ती झाडं वाढली. म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचीच ती भावंडं. तिथून तुकडा खिशात घालायचा नाही, ते संरक्षित उद्यान आहे. बाजारातला बराच माल इंडोनेशिया आणि मादागास्करचा असतो.

घेताना आधी उचलून बघा. फूटभर व्यासाची, दोन इंच जाड चकती साडेनऊ किलोच्या आसपास भरते. तेवढीच सागवानी चकती अडीच किलोच्या आत. हलकी आणि हाताला कोमट वाटली, तर राळेची नक्कल समजा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात का, तेही बघा. छापलेल्या नक्षीत त्या कडेपाशीच संपतात.

आता माझं मत. चहूबाजूंनी आरशासारखी घासलेली वस्तू मला आवडत नाही. एकच बाजू पॉलिश केलेली आणि कडेला खडबडीत साल ठेवलेली घ्या. आतलं लाकूड आणि बाहेरचं झाड, दोन्ही दिसतं, शिवाय घासाईही कमी. घासाई कमी असलेली बरी. दगड हिऱ्याच्या पात्यानं कापतात, मग बारीक-बारीक कुरुंदानं घासतात. पाण्याचा वापर न करता हे काम केलं, तर उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते. गुजरातेत खंबातला अकीक हा रंगीत दगड घासणाऱ्या कारागिरांनी सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराच्या रूपानं याची किंमत मोजली आहे. विक्रेत्याला हा माल कुठं आणि कसा घासला, एवढं विचारायला काय हरकत आहे?

घरी आणल्यावर फार निगा लागत नाही. साधं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. सुरीनं ओरखडा सहसा उठत नाही, पण वर गरम पातेलं मात्र ठेवू नका. भेगा बहुतेक वेळा राळेनं भरलेल्या असतात, त्या सुटतात.

नमस्कार.