पहाटे ३:५६

(जुनं किल्लारी. स्मारक, मागे उघडे चौथरे, त्यांतून वाढलेल्या बाभळी.)

लातूर जिल्ह्यातलं हे जुनं किल्लारी. १९९२च्या ऑगस्टपासून इथे छोटे धक्के जाणवत होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग कंटाळून घरात परतले. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव उशिरा आडवं झालं, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली.

(पडक्या भिंतीचा छेद, जवळून.)

ही भिंत नीट बघा. दोन्ही अंगांना दगड, मध्ये चिखल आणि गोटे, आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. दोन-तीन फूट रुंद, काही वाड्यांत त्याहून जास्त. वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं हे घर हादरा बसला की मधोमध उकलतं आणि माळवद सरळ खाली येतं. हजारो माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

(नवं गाव. सरळ रस्ते, एकसारखी घरं.)

नव्या घरांचे आकार जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. सिमेंट किती, सळई किती, सगळ्याचा हिशेब झाला. आत राहायला गेलेल्या शरीरांच्या हिशेबाकडे मात्र थोड्याच जणांनी पाहिलं.

(स्मृतिदिन. पोलिसांची मानवंदना. हवेत फैर. गर्दीतले चेहरे, मंद गतीत.)

फैरीचा आवाज झाला की खांदे कानांपर्यंत जातात, पापण्या मिटतात. दचकतात सगळेच. त्यानंतरचा मिनिटभर बघा. काहींचे खांदे लगेच उतरतात, काहींचे तसेच राहतात. हात पदराला धरून, श्वास वरच्या वर.

आत काय चाललंय? मेंदूतला बदामाएवढा ॲमिग्डाला धोक्याची वर्दी देतो. काही सेकंदांत मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. ठोके वाढतात, रक्त पोटाकडून मांड्यांकडे वळतं, पचन थांबतं, जबडा आवळतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढतं आणि साधारण २० ते ३० मिनिटांत शिखर गाठतं. त्याचं एक काम ही वर्दी बंद करणं हेही आहे. आघातानंतर काहींमध्ये हा बंद करायचा भागच बिघडतो. अशा माणसांत कॉर्टिसॉल कायम चढलेलं असतं, असा सर्रास समज आहे. पुष्कळ अभ्यासांत ते उलट कमी आढळलंय, आणि नॉरॲड्रिनलिन, ॲड्रिनलिनसारखंच सावध ठेवणारं रसायन, जास्त.

भूकंपातून वाचलेल्या प्रत्येकाचं असं होत नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. पण महिना उलटूनही तीच दृश्यं, तीच स्वप्नं, छताखाली जायची टाळाटाळ आणि सततची सावधगिरी राहिली, आणि त्यापायी रोजचं जगणं अडायला लागलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणतात. हे निदान १९८० मध्ये अधिकृत यादीत आलं.

(प्राथमिक आरोग्य केंद्र. बाकावर बसलेल्या बाया.)

इथे ‘पीटीएसडी’ कुणी म्हणत नाही. ‘छातीत धडधड होते.’ ‘डोकं जड.’ ‘अंगभर मुंग्या.’ ‘जीव घाबरा होतो, भूक मोडली.’ तक्रार शरीराची असते आणि ती खरी असते. आवळलेले स्नायू खरंच दुखतात, थांबलेलं पचन खरंच फुगतं. मग एक सलाईन, एक बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन, झोपेची गोळी. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासायलाच हवं. पण ते सगळं ठीक आल्यावर ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून पाठवणं ही चूक आहे. तिथे एकच प्रश्न विचारायचा असतो: हे कधीपासून, आणि त्याआधी काय घडलं होतं?

झोपेच्या गोळीबद्दल स्पष्ट बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांवर बेंझोडायझेपिन गटातली, म्हणजे झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांच्या गटातली, औषधं देऊ नयेत. सवय लागते, आणि मूळ भीती तशीच राहते. सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या औषधाचा उपयोग होतो, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून ते एकदम बंद केलं की चक्कर आणि चिडचिड होते.

वर्षानुवर्षं हे चाललं की हृदयविकाराचा धोका वाढतो. एकाच मोठ्या धक्क्याचाही हृदयावर परिणाम होतो. किल्लारीनंतर साडेतीनच महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४च्या पहाटे, अमेरिकेत नॉर्थरिजला भूकंप झाला. त्या दिवशी लॉस एंजेलिस काउंटीत हृदय बंद पडून अचानक झालेले मृत्यू २४ होते, एरवी दिवसाला पाचाच्या आत.

(खोली. सतरंजीवर चार बाया, समोर समुपदेशक. हातांचे क्लोजअप.)

सुरुवात श्वासापासून. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की लोक जोरजोरात घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ आणि बोटं मुंग्या खातात, आणि झटका आला असं वाटून भीती वाढते. श्वास लहानच ठेवायचा, सोडणं लांबवायचं. मग मुठी पाच सेकंद आवळायच्या, दहा-पंधरा सेकंद सैल. पुढे खांदे, जबडा, पोटऱ्या. जबड्यापाशी बहुतेकांना पहिल्यांदा कळतं की तो कधीचा आवळलेला होता.

एवढ्याने शरीर शांत व्हायला शिकतं. छताची भीती जायला त्यापुढचं काम लागतं: आठवणीला आणि जागेला पुन्हा सामोरं जाणं. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येकी तास-दीड तास, हे काम शिकलेल्या समुपदेशकाबरोबरच. आपण होऊन, एकट्याने नाही.

(घर. अंगणात बाज. दार उघडं.)

आधी घर तपासायचं. भिंतीला तिरका तडा असेल तर भीती बरोबर आहे. अशा वेळी अभियंता बोलवायचा, समुपदेशक नंतर. घर पक्कं असेल तर पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर भीतीचे गुण द्यायचे. उंबऱ्यात उभं राहणं, वीस. दिवसा दार उघडं ठेवून आत बसणं, चाळीस. दुपारी पाठ टेकणं, साठ. रात्री दाराशी झोपणं, ऐंशी. एका पायरीवर गुण निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, अर्धा तास लागो की तास. भीती टिपेला असताना बाहेर पळालं तर शरीर एवढंच शिकतं की पळाल्यामुळे वाचलो. घरचे नेमके तेव्हाच मायेने ‘राहू दे, ये बाहेर’ म्हणतात. म्हणून त्यांनाही पहिल्या बैठकीला बसवायचं.

जवळ असा समुपदेशक नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

(संध्याकाळ. दोघं मिळून बाज उचलतात.)

हा तिसरा आठवडा. बाज उंबऱ्याच्या आत आली आहे, उशी दाराच्या बाजूला. कडी अजून लावलेली नाही.