विजयदुर्ग : आधी बंदर, मग किल्ला

नमस्कार श्रोतेहो.

विजयदुर्गला पोचलेली बहुतेक मंडळी गाडीतून उतरतात आणि थेट किल्ल्याच्या दरवाजाकडे वळतात. माझी विनंती उलटी आहे. आधी धक्क्यावर जा. जाळी, दोरखंड, सुकत घातलेली मासळी यांच्यातून वाट काढत कडेला उभे राहा आणि वाघोटन खाडीचं मुख बघा. पलीकडे रत्नागिरी जिल्हा, अलीकडे आपला देवगड तालुका. मुखाशी वाळूचा दांडा नाही, त्यामुळे ऐन पावसाळ्यातही जहाज आत घेता येतं. कोकण किनाऱ्यावर अशी बंदरं फार थोडी. याच खाडीतून माल वर खारेपाटणला जायचा आणि तिथून घाटावर. हा किल्ला उभा राहिला तो या पाण्याच्या राखणीसाठी.

मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याचा मानतात. गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. १६५३ साली शिवाजी महाराजांनी तो आदिलशहाकडून घेतला आणि त्याचा विजयदुर्ग झाला.

आता आत चला. दरवाजा गोमुखी आहे, म्हणजे दोन बुरुजांच्या आड दडलेला, अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. तटबंदी तिहेरी. चिऱ्यांवरून हात फिरवा, जांभ्याची भोकं बोटांना लागतात. समुद्राकडच्या तटावर आलात की खालून येणारा वारा उभं राहू देत नाही. तिथे थोडं थांबा, कारण मला जे सांगायचंय ते त्याच जागेचं आहे.

फेब्रुवारी १७५६. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा. नानासाहेब पेशव्यांचं आणि तुळाजींचं बिनसलेलं, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. ॲडमिरल वॉटसन जहाजं घेऊन आला, सोबत रॉबर्ट क्लाइव्ह. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून ठेवलं होतं. इंग्रजांचा एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. ते आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकून घेतलेलं. आग एकापासून दुसऱ्याला लागत गेली आणि पाहता पाहता सगळ्या गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि सगळी गलबतं जळाली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजींचे वडील कान्होजी यांनी उभं केलेलं बळ असं आपल्याच भांडणापायी गेलं. पुढे पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांनी इथूनच ते आरमार नेटानं सांभाळलं, हे खरं. पण १७५६ ची ती चूक भरून निघाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतात. हेलियमचा शोध इथे लागला असं मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. नीट सांगायचं तर हेलियमचा माग लागला त्या १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि ज्यांच्या नावावर इथला शोध सांगतात ते इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, दुर्बिणी आणि मोठा लवाजमा घेऊन. खरी हकीकतही तेवढीच मोलाची आहे. १८ ऑगस्टला इथे हेलियम दिन साजरा होतो. त्या दिवशी मुलांना दोन्ही ग्रहणांची गोष्ट सांगायला हवी.

२०२० च्या पावसाळ्यात तटबंदीचा काही भाग ढासळला, तेव्हा जीव कळवळला होता. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात विजयदुर्ग आहे. आता डागडुजी वेळेवर व्हावी. आपण एवढं तरी करू : तटाच्या कडांवर फोटोसाठी चढू नका.

जेवण गावातच घ्या, मासळी ताजी असते. आणि दुपारी लगेच परतू नका. खाडीच्या बाजूनं गिर्ये गाठा. रामेश्वराच्या देवळाची वाट कातळ खोदून केलेली आहे, ती बघाच. तिथून गावकऱ्यांना विचारत आंग्र्यांच्या गोदीकडे जा. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी ओसरलं की ते कोरड्यावर बसायचं, आणि मग तळाची डागडुजी. जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ कोळ्यांना विचारून घ्या. गोदीचा तळ दिसतो तो सुकतीलाच.

नमस्कार.